मातीतून औषध शोधणारे डॉ. तिरुमलाचार

भगिनींनो, आपल्या स्मरणिकेत थोरामोठ्यांची चरित्रे येतात ती बहुधा संतांची, वीरांची किंवा देशभक्तांची असतात, आणि ती यावीतच. परंतु ज्यांच्या कामाचा उपयोग पाळण्यातल्या तान्ह्या बाळाला आणि खाटेवरच्या म्हाताऱ्या आजीला झाला, अशा माणसाचे चरित्रही आपण वाचावे, म्हणून या वर्षी मी डॉ. एम. जे. तिरुमलाचार यांच्याविषयी लिहायचे ठरविले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा शास्त्रातले शब्द मला येतात तसे, आपल्या घरच्या भाषेत सांगेन. बुरशीच्या शास्त्रात त्यांचे नाव देशोदेशी गाजले, आणि त्यांचे मोठे काम घडले ते आपल्याच पुणे जिल्ह्यात, पिंपरीला.

त्यांचे पूर्ण नाव मंड्यम जीरसन्निधी तिरुमलाचार. जन्म १९१४ सालचा. ते म्हैसूरकडचे. पुढे बंगलोरच्या सेंट्रल कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र शिकवू लागले. त्या काळी हुशार मुलाने वकील व्हावे किंवा सरकारी अंमलदार व्हावे अशी घरोघर इच्छा असे. या गृहस्थांनी मात्र आयुष्य वाहिले ते बुरशीला! आपण जिला पाहून नाक मुरडतो, लोणच्यावर आली तर बरणी फेकून देतो, भाकरीवर आली तर ती जनावरालाही घालत नाही, ती ही बुरशी. तिच्यात एवढे काय पाहायचे, असे कोणालाही वाटेल. परंतु शेतकऱ्याच्या घरी नांदलेल्या बाईला असे वाटू नये. ज्वारीच्या कणसात दाण्याऐवजी काळी भुकटी भरते ती काणी. गव्हाच्या पानावर विटकरी ठिपके उठतात तो तांबेरा. आपल्या अंथुर्णे-वालचंदनगरच्या बाजूस उसाच्या शेंड्यातून काळा चाबूक निघतो, तीही काणीच. ही सारी बुरशीची कुळे. एका वर्षाची काणी घरातल्या मुलीचे लग्न पुढे ढकलते, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

तिरुमलाचारांनी ऐन उमेदीची वर्षे या काणीच्या आणि तांबेऱ्याच्या मागे घालविली. रानोमाळ हिंडावे, रोगट पान दिसले की खुडून कागदात दाबून ठेवावे, घरी आणून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे, कोणत्या बुरशीचे बीज कसे रुजते ते टिपून ठेवावे, असा त्यांचा क्रम असे. ज्या जाती शास्त्राला ठाऊकच नव्हत्या अशा पुष्कळ जातींची त्यांनी प्रथम नोंद केली आणि त्यांना नावे दिली. त्यांच्याआधी या वाटेने गेलेले थोर शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. मुंदकूर. त्यांच्याविषयीचा आदर म्हणून १९४४ साली तिरुमलाचारांनी एका काणीच्या कुळालाच मुंदकूरांचे नाव दिले. आपण नातवाला आजोबांचे नाव ठेवतो, त्यातलाच हा प्रकार. पुढे या दोघांनी मिळून भारतातल्या साऱ्या काणी-रोगांचे एक पुस्तक लिहिले. ते १९५२ साली इंग्लंडातील क्यू येथून प्रसिद्ध झाले आणि त्या विषयाचा आधारग्रंथ ठरले. मध्यंतरी अमेरिकेत राहूनही त्यांनी गवतांवरच्या काणीचा अभ्यास केला. बनारसच्या हिंदू विश्वविद्यालयातही ते प्राध्यापक होते.

इथपर्यंत त्यांचे आयुष्य पिकाच्या रोगांत गेले. माणसाच्या रोगाकडे ते वळले ते पिंपरीला आल्यावर.

पिंपरीचा पेनिसिलीनचा कारखाना आपल्यापैकी थोरल्या बायकांना ऐकून माहीत असेल. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हे त्याचे नाव. १९५४ साली आपल्या सरकारने जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साह्याने तो उभा केला, आणि पुढच्या वर्षी तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. तोवर हे औषध परदेशातून येई. बाळंतरोगाने जाणारी बाई, फुप्फुसाच्या सुजेने जाणारे मूल, पायाला खिळा लागून अंगात विष भिनलेला गडी, अशा किती जणांना त्या औषधाने परत आणले. आणि गंमत अशी, की पेनिसिलीन हे बुरशीपासूनच निघते! १९२८ साली फ्लेमिंग नावाच्या शास्त्रज्ञाला ते सापडले. त्याच्या बशीत उडून पडलेल्या बुरशीच्या आसपासचे जंतू मेलेले त्याला दिसले. तेव्हा पिंपरीच्या मोठमोठ्या टाक्यांत दिवसरात्र बुरशीची शेती चाले, असे म्हटले तरी चालेल. अशा ठिकाणी बुरशीचा जाणता माणूस हवाच. तिरुमलाचार तेथे संशोधन विभागाचे प्रमुख झाले.

आता त्यांच्यापुढे जो प्रश्न होता तो नीट समजून घेऊ, कारण तो आपल्या घरातलाच आहे.

आपल्या तोंडात, आतड्यात आणि अंगावर कोट्यवधी सूक्ष्म जीव राहतात. त्यांत जंतू असतात आणि यीस्ट जातीची एक बुरशीही असते. तिला शास्त्रात कँडिडा म्हणतात. पीठ आंबवणाऱ्या यीस्टची ती लांबची बहीण. पुष्कळ निरोगी माणसांच्या तोंडात ती निमूटपणे असते. जंतूंची दाटी असते, अंगात ताकद असते, म्हणून तिला पाय पसरायला जागा मिळत नाही. परंतु पेनिसिलीनसारखे औषध दिले की जंतू मरतात आणि बुरशीला काहीच होत नाही. पेनिसिलीन जंतूंची भिंत बांधू देत नाही. बुरशीची भिंत निराळ्या मालाची असते, म्हणून तिच्यावर ते चालत नाही. शेतातले सारे गवत काढले आणि हराळी तेवढी ठेवली तर काय होईल? हराळी रान व्यापील. तसेच तोंडात होते. जिभेवर, गालाच्या आत, टाळूवर दह्याच्या कवडीसारखे पांढरे थर येतात. खालची जागा लाल होते. बाळ दूध ओढीनासे होते. मोठ्या माणसाला तिखट सोसत नाही, चव जाते, तोंडाचे कोपरे फाटतात. थर घशाखाली अन्ननलिकेत उतरला तर घास गिळताना छातीत कळ येते.

म्हणजे पाहा, एका हाताने जीव वाचविणाऱ्या औषधाने दुसऱ्या हाताने हा नवा ताप वाढविला. हा रोग मुळात जुनाच. १८३९ सालीच युरोपातल्या वैद्यांनी या पांढऱ्या थरात बुरशी पाहिली होती. पुढे स्वीडनमधल्या बर्ग नावाच्या डॉक्टरांनी दाखवून दिले, की अनाथ बालकांना एकाच भांड्याने दूध पाजल्यामुळे हा रोग एका मुलाकडून दुसऱ्याकडे जातो. पण त्यावर खास असे औषध शंभर वर्षे मिळाले नाही. जांभळे औषध लावीत, बोरोग्लिसरीन लावीत. आपल्याकडे टाकणखाराची लाही मधात कालवून बोटाने फिरवीत. त्या उपायांविषयी शेवटी सांगेन.

जंतू मारणारे औषध मिळाले होते, आता बुरशी मारणारे हवे होते. ते कोठे शोधायचे? तिरुमलाचारांनी ते मातीत शोधले.

पहिला पाऊस पडला की मातीला जो सुवास येतो, तो मातीतल्या एका सूक्ष्म जीवामुळे येतो, हे वाचून मला मोठे नवल वाटले होते. स्ट्रेप्टोमायसिस हे त्याचे नाव. दिसायला तो बुरशीच्या धाग्यासारखा, पण जात जंतूची. चिमूटभर मातीत असे लाखो जीव दाटीने राहतात, आणि भावकीत बांधावरून भांडणे चालावीत तशी त्यांची जागेवरून भांडणे चालतात. शेजाऱ्याला हटवायला ते आपापले विष सोडतात. त्या विषातच माणसाची औषधे दडलेली असतात.

अशा शोधाची रीत ऐकायला सोपी आहे. चिमूटभर माती पाण्यात कालवायची, ते पाणी पुन्हा पुन्हा पातळ करायचे आणि खळीसारख्या थरावर पसरायचे. चार दिवसांनी त्यावर जीवांचे ठिपके उठतात. एकेक ठिपका वेगळा काढून वाढवायचा, आणि त्याच्याजवळ रोगाची बुरशी पेरून पाहायची. ज्या ठिपक्याभोवती बुरशी उगवली नाही, मोकळे कडे पडले, तो कामाचा. पण खरी कसोटी पुढे असते. बुरशीला मारणारी पुष्कळ विषे माणसालाही मारतात. तेव्हा उंदरांवर, सशांवर प्रयोग करायचे, औषध शुद्ध करायचे, किती दिले तर सोसते ते पाहायचे. शेकडो मातींतून एखादीच उपयोगी पडते. धान्य निवडणाऱ्या बाईचा धीर लागतो त्याला.

पिंपरीच्याच मातीतून तिरुमलाचारांना असा एक जीव मिळाला. त्याचे नाव त्यांनी गावावरून ठेवले, स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. जगाच्या शास्त्रग्रंथांत आपल्या पिंपरीचे नाव असे कायमचे लिहिले गेले. त्या जीवापासून निघालेल्या पिवळ्या औषधाला नाव मिळाले हॅमायसिन. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या नावातील आरंभीची दोन अक्षरे त्यात गुंफलेली आहेत. १९६१ साली तिरुमलाचारांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा शोध जाहीर केला.

हे औषध काम करते कसे? बुरशीच्या कणाच्या आवरणात एक विशिष्ट स्निग्ध पदार्थ असतो. तो जंतूंमध्ये नसतो, आणि आपल्या शरीरात त्याच्या जागी निराळा असतो. हॅमायसिन त्या पदार्थाला जाऊन चिकटते आणि आवरणाला भोके पाडते. आवरणाची चाळणी झाली की आतला जीवनरस गळून जातो आणि बुरशी मरते. तोंडात आलेल्या पांढऱ्या थरावर त्याचे थेंब लावीत, कानातल्या बुरशीवर ते वापरीत, आणि बायकांना अंगावरून पांढरे जाऊन खाज सुटते त्या रोगावरही त्याचा उपयोग झाला. हे दुखणे आपण लाजेपायी वर्षानुवर्षे अंगावर काढतो. त्याचे औषध कोणी पुरुष शास्त्रज्ञ आस्थेने शोधत होता, आणि आपण मात्र डॉक्टरीण बाईंपुढेही तोंड उघडत नाही!

त्या औषधाची सारीच बाजू चांगली निघाली असे नाही. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी ते अंगात खोल गेलेल्या बुरशीवर पोटातून देऊन पाहिले. परंतु पोटातून ते रक्तात भरवशाने उतरत नसे, आणि काहींना त्याचा त्रासही होई. त्यामुळे वरून लावायचे औषध हीच त्याची खरी जागा राहिली. शास्त्रात असे होतेच. कोणतेही औषध सर्व दुखण्यांवर चालत नाही, आणि असे चालते म्हणून सांगणाऱ्यापासून सावध राहावे.

येथे दोन परदेशी भगिनींचा उल्लेख केल्यावाचून मला राहवत नाही. या कुळातले पहिले मोठे औषध त्यांनी शोधले. एलिझाबेथ हेझन आणि रेचेल ब्राऊन या अमेरिकेतल्या. हेझनबाई लहानपणीच आईबापांना पारख्या झाल्या. काका-काकूंनी त्यांना वाढविले. शाळेत मास्तरीण म्हणून नोकरी करीत त्या शिकल्या आणि वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी डॉक्टरेट झाल्या. ब्राऊनबाईंच्या शिक्षणाला आजीच्या एका सधन मैत्रिणीने मदत केली. एक न्यूयॉर्कला, दुसरी आल्बनीला. दोघी मातीचे नमुने बरण्यांत घालून टपालाने एकमेकींकडे पाठवीत. ओळखीच्या एका शेतकरी कुटुंबाच्या गोठ्याजवळच्या मातीतून त्यांना औषध मिळाले. १९५० साली त्यांनी ते जाहीर केले. तेच निस्टॅटिन. तोंडातल्या बुरशीवर त्याचे थेंब डॉक्टर आजही देतात. त्या औषधाचे हक्कापोटी १ कोटी ३० लाख डॉलर आले. दोघींनी त्यातला एक डॉलरही स्वतःसाठी घेतला नाही. सारे संशोधनाला देऊन टाकले.

पिंपरीचे काम या दोघींच्या मागून झाले, हे खरे. पण देश नुकता स्वतंत्र झालेला, औषधासाठी परक्याच्या तोंडाकडे पाहायची सवय लागलेली, अशा काळात आपल्या मातीतून, आपल्या माणसांनी, आपल्या कारखान्यात नवे औषध काढले, त्याचे मोल वेगळे आहे. आपल्याकडेही हे होऊ शकते, असा विश्वास त्यातून आला.

तिरुमलाचार हॅमायसिनवर थांबले नाहीत. गजकर्ण, नायटा अशा कातडीच्या रोगांसाठी त्यांनी डर्मोस्टॅटिन काढले. आणि जुने शेत ते विसरले नव्हते. ऑरिओफंजिन नावाचे औषध त्यांनी पिकांसाठी काढले. भाताचा करपा, द्राक्षावरची भुरी अशा रोगांवर त्याची फवारणी होऊ लागली. ज्या माणसाने काणी-तांबेऱ्यापासून आरंभ केला, तो माणसाची सेवा करून पुन्हा शेतकऱ्याच्या बांधावर आला. सरकारने त्यांना वैद्यकशास्त्रासाठी शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक देऊन गौरविले. ते स्वतः डॉक्टर नव्हते, वनस्पतींचे अभ्यासक होते. तरी वैद्यकातला मान त्यांना मिळाला, यातच त्यांच्या कामाची किंमत दिसते.

उत्तर आयुष्यात ते अमेरिकेत कॅलिफोर्नियात गेले आणि तेथे जीरसन्निधी-अँडरसन नावाची संशोधन संस्था त्यांनी भागीदारीत काढली. १९९९ साली ते वारले. त्यांच्या हयातीतच, १९८१ नंतर, एड्सचा रोग जगापुढे आला, आणि तोंडातली व घशातली ही पांढरी बुरशी त्या रोगाची एक मोठी खूण ठरली. जो आजार लहान मुलांचा किरकोळ म्हणून समजला जाई, त्याचे गांभीर्य साऱ्या जगाला कळले. आणि २०२१ साली करोनामागून काळी बुरशी आली, तेव्हा अँफोटेरिसिनच्या बाटलीसाठी नातेवाईक गावोगाव धावले, ते आपण पाहिलेच. ती बुरशी निराळी, पण अँफोटेरिसिन हे हॅमायसिनच्याच कुळातले. दक्षिण अमेरिकेतल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतून ते निघाले. तिरुमलाचारांनी ज्या वाटेने शोध घेतला, तीच ही वाट.

भगिनींनो, चरित्र वाचून हात जोडले आणि पुस्तक मिटले, असे होऊ नये. म्हणून आपल्या घरासाठी चार गोष्टी सांगते. त्या डॉक्टर लोक सांगतात त्याच आहेत.

बाळाच्या जिभेवर पांढरे दिसले तर ओल्या मऊ फडक्याने हळूच टिपून पाहावे. दुधाचा थर सहज निघतो. बुरशीचा चिकटून राहतो, आणि खरवडला तर खाली लाल होऊन रक्त येते. म्हणून खरवडू नये. बाळाला डॉक्टरांकडे न्यावे. आई अंगावर पाजत असेल आणि तिच्या स्तनाग्राला आग होत असेल तर दोघांनाही औषध लागते. नाहीतर आईचे बाळाला आणि बाळाचे आईला, असे चालूच राहते. पाजणे मात्र थांबवू नये. बाटली असेल तर तिचे बूच रोज उकळावे. एक वर्षाच्या आतील मुलाला मध चाटवू नये, आणि टाकणखार तर मुळीच लावू नये. आपल्या आज्यांनी ते मायेनेच केले, त्यांच्यापाशी दुसरे काही नव्हते. आपल्यापाशी आहे.

मोठ्यांपैकी ज्यांना मधुमेह आहे त्यांच्या तोंडात ही बुरशी वारंवार येते. तेव्हा नुसते तोंडाला औषध लावून भागत नाही, रक्तातली साखर तपासावी. कवळी लावणाऱ्यांनी रात्री ती काढून धुऊन ठेवावी. दम्याचा पंप ओढणाऱ्यांनी नंतर पाण्याने खळखळून चूळ भरावी. जंतूंवरच्या गोळ्या दुकानातून मनाने आणून खाऊ नयेत, त्यांनीच बुरशीला रान मोकळे होते. डॉक्टरांनी थेंब दिले तर ते लगेच गिळू नयेत, तोंडात घोळवून ठेवावेत, आणि पांढरे गेले म्हणून मध्येच बंद करू नयेत. घास गिळताना दुखू लागले तर मात्र घरी थांबू नये. पोटातून घ्यायचे औषध लागते आणि तपासण्याही लागतात.

आणि शेवटची गोष्ट मिश्री लावणाऱ्या, तंबाखू खाणाऱ्या बायकांसाठी. तोंडातला पांढरा चट्टा पुसून जात नाही, तो दुखतही नाही, दोन आठवडे झाले तरी तसाच आहे, तर तो बुरशीचा नसून कर्करोगाची नांदी असू शकतो. दुखत नाही म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष करू नका. एका दिवसाची मजुरी बुडेल, पण डॉक्टरांना तोंड दाखवून या. आपल्यातली एकजण जरी हे वाचून वेळेवर गेली, तरी स्मरणिकेचा कागद सार्थकी लागला म्हणेन.

डॉ. तिरुमलाचारांनी आयुष्यभर जे पाहिले ते फार लहान होते. पानावरचा ठिपका, मातीतला धागा, बाळाच्या जिभेवरचा थर. पण ते त्यांनी जवळून पाहिले आणि मनापासून पाहिले. आपल्या घरातल्या लहानसहान दुखण्यांकडेही आपण तशाच नजरेने पाहावे, एवढेच मागणे.